पदकाच्या कडेवरचे नाव : कुतचा वेढा, मराठा शिपाई आणि कैदेची न कोरलेली वर्षे

१.
पहिल्या महायुद्धातून परतलेल्या हिंदी शिपायाच्या घरात पत्र्याच्या पेटीच्या तळाशी तीन पदके असण्याचा संभव असतो. एक काशाचा तारा, एक चांदीचे गोल पदक आणि एक सोनेरी झाक असलेले काशाचे पदक. त्यांवर राजा आहे, घोडेस्वार आहे, पंख असलेली विजयदेवता आहे. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठशांनी उमटवलेली आहे. त्या शिपायाने शत्रूच्या कैदेत अडीच वर्षे काढली असतील, तर ती मात्र त्या धातूवर कोठेही नाहीत.

२.
ही कथा त्या अडीच वर्षांची आहे. ती टिग्रिस नदीच्या एका वळणावर घडली. तीत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या मुलखांतून भरती झालेले मराठा शिपाई होते. तिचा एक धागा मात्र यवतमाळ जिल्ह्यातूनही जातो. आणि तो धागा रक्ताचा नसून शेतसाऱ्याचा आहे. आरंभ तेथूनच करणे योग्य.

३.
१८५३. हैदराबादच्या निजामाच्या संरक्षणासाठी म्हणून इंग्रजांनी ठेवलेली 'हैदराबाद कंटिन्जंट' ही फौज होती. तिचा खर्च निजामावर, हुकूम इंग्रजांचा. पगार थकले, कर्ज वाढले. तेव्हा २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला गेला. उद्देश स्पष्ट होता : वऱ्हाडच्या महसुलातून फौजेचा पगार भागवायचा. वणी, दारव्हा, पुसद या भागांतल्या काळ्या जमिनीवर कापूस पिकवणारा कुणबी पन्नास वर्षे ज्या पलटणींचा खर्च उचलत होता, त्यांतल्या शिपायांना त्याने बहुधा कधी पाहिलेही नव्हते.

४.
१९०२ मध्ये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे आला. १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून तिच्या पायदळाला हिंदी सैन्यात ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले. त्यांतील ९६ व्या पलटणीचे नावच 'बेरार इन्फन्ट्री' होते. त्याच काळात आजचा यवतमाळ जिल्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई; यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. पलटणीच्या खांद्यावर वऱ्हाडचे नाव असले, तरी रांगेत उभे असलेले शिपाई बहुतांशी दूरच्या प्रांतांतले होते. साम्राज्याची फौज अशीच बांधलेली असे : पैसा एका मातीचा, रक्त दुसऱ्या मातीचे, युद्ध तिसऱ्याच मातीवर.

५.
तिसरी माती म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी सैन्याची सहावी म्हणजे 'पुणे' डिव्हिजन इराणच्या आखातात उतरली. अबादानचे तेल आणि बसऱ्याचे बंदर सुरक्षित ठेवणे एवढेच पहिले काम होते. ते लवकर साधले. पण यश मिळत गेले तशी हाव वाढली. नदी वर वर चढत फौज बगदादच्या दिशेने निघाली. मागे रसद वाहणाऱ्या बोटी अपुऱ्या, दवाखाने अपुरे, औषधे अपुरी. पुढे मात्र 'बगदाद' हा एक शब्द.

६.
या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठाज. सेनापती होते मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादपासून थोड्याच अंतरावर, टेसिफॉन येथील प्राचीन कमानीच्या परिसरात तुर्कांशी गाठ पडली. तुर्कांची पहिली फळी हाती आली, पण सुमारे साडेचार हजार माणसे ठार किंवा जखमी झाली. पुढे जाण्याचे बळ उरले नाही. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खडखडत्या गाड्यांत घालून फौज मागे फिरली.

७.
३ डिसेंबरला थकलेली फौज कुत-अल-अमारा या गावात शिरली. टिग्रिस येथे नालेच्या आकाराचे वळण घेते. तिन्ही बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूस वाळवंट. टाउनशेंड यांनी येथेच पाय रोवण्याचे ठरवले. ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढा पूर्ण झाला. आत सुमारे दहा हजार लढवय्ये, साडेतीन हजारांच्या आसपास बिगरलढाऊ अनुचर आणि गावचे सहा हजार अरब रहिवासी होते. मदत लवकर येईल असा हिशेब होता. वेढा १४७ दिवस चालला.

८.
२४ डिसेंबर. गावाच्या ईशान्येस मातीच्या भिंतींचा एक किल्ला होता. तुर्की तोफांनी भिंतीला भगदाड पाडले आणि पायदळ आत घुसू लागले. तेथे ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फन्ट्रीचे गोरे शिपाई, ११९ वी पलटण आणि १०३ वी मराठा खांद्याला खांदा लावून होत्या. हातबाँब, संगिनी, अंधार. पहाटेपर्यंत किल्ला टिकला. वेढ्यातील हा शेवटचा मोठा हल्ला होता. त्यानंतर तुर्कांनी घाई सोडली. त्यांचे काम आता भूक करणार होती.

९.
११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री मुख्य गावात नव्हतीच. नदीच्या पलीकडच्या तीरावर लोकरीचे गठ्ठे बांधण्याच्या दाबयंत्राभोवती वसलेली एक छोटी वस्ती होती. ती राखण्याचे काम १२० व्या राजपुताना इन्फन्ट्रीकडे आणि या मराठ्यांकडे होते. वेढ्याच्या आत आणखी एक वेढा. रसद यायची ती रात्री, नदी ओलांडून. वसंतात टिग्रिसला पूर आला की खंदकांत पाणी भरे. मग शत्रू आणि मित्र दोघेही बांध घालण्यात गुंतत.

१०.
आता अन्न. हा या वेढ्याचा खरा विषय आहे. गहू संपत आला तेव्हा जवाचे पीठ सुरू झाले. जव दळायला जाती नव्हती. गिरणीचे दगड विमानातून टाकावे लागले. एप्रिलमध्ये शिधा दिवसाला सुमारे पाच औंस पिठावर, म्हणजे जेमतेम १४० ग्रॅमवर आला. मांस होते, पण ते घोड्याचे आणि खेचराचे. इंग्रज शिपायांनी ते स्वीकारले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नकार दिला.

११.
या नकाराकडे केवळ हट्ट म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. शिपाई युद्धासाठी काही वर्षे देत होता. गावाकडे त्याला उरलेले सारे आयुष्य काढायचे होते. घोडा खाल्ला ही बातमी गावी पोचली तर पंगतीत कोण बसवील, बहिणीचे लग्न कसे जमेल, हा प्रश्न बंदुकीच्या गोळीइतकाच खरा होता. टाउनशेंड यांनी हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची संमती बिनतारी संदेशाने मागवली. ती आली. तरीही पुष्कळ जण थांबले. अखेर एप्रिलमध्ये भुकेने हजारोंनी तो नियम मोडला. पण तोवर शरीरे खचली होती.

१२.
वैद्यकाच्या इतिहासात या उपासमारीला वेगळे स्थान आहे. वेढ्यातील वैद्यकीय प्रमुख कर्नल पॅट्रिक हेहिर यांच्या पथकापुढे एक विचित्र चित्र उभे राहिले. एकाच गावात, एकाच वेढ्यात, गोऱ्या शिपायांना बेरीबेरी होत होती आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही. गोऱ्यांच्या पांढऱ्या पावात कोंडा नव्हता, म्हणून आज ज्याला ब जीवनसत्त्व म्हणतात त्याचा अभाव. मात्र घोड्याच्या ताज्या मांसामुळे त्यांच्या हिरड्या शाबूत. हिंदी शिपायांच्या जाड्याभरड्या पिठाने त्यांना बेरीबेरीपासून वाचवले. ताजे मांस आणि भाजी नसल्याने त्यांचे दात हलू लागले, जुन्या जखमा पुन्हा उघडू लागल्या. जेवणाच्या दोन ताटांतला फरक रोगांच्या दोन नावांत उतरला होता.

१३.
बाहेरून सुटकेचे प्रयत्न होत होते. शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नायत. प्रत्येक ठिकाणी चिखलातून चाल आणि प्रत्येक ठिकाणी माघार. आतल्या तेरा हजारांना सोडवण्यासाठी बाहेरचे सुमारे तेवीस हजार ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली. लष्करी इतिहासातला हा अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयोग. काही पोती गावात पडली, काही नदीत, काही तुर्कांच्या खंदकात. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही धान्याने भरलेली आगबोट नदी चिरत निघाली; कुतच्या अलीकडेच ती तुर्कांच्या हाती लागली. शेवटी वेढा उठवण्यासाठी वीस लाख पौंड देऊ करण्यात आले. तुर्कांनी ते नाकारले.

१४.
आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. २८ एप्रिल १९१६ : बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. तिच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रांत आणि वऱ्हाडही होते. लोकमान्यांचे वऱ्हाडातील निष्ठावंत अनुयायी माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यवतमाळला वकिली करत होते. २९ एप्रिल १९१६ : कुतमध्ये तोफा निकामी करण्यात आल्या, पांढरे निशाण वर गेले आणि सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. एका दिवशी मराठी मुलखात स्वराज्याची मागणी संघटित झाली. दुसऱ्या दिवशी मराठी शिपायांनी साम्राज्याच्या वतीने शस्त्रे खाली ठेवली.

१५.
सर्वाधिक आजारी अशा सुमारे अकराशे जणांना तुर्की कैद्यांच्या बदल्यात सोडण्यात आले. उरलेल्यांना नदीकाठच्या शुमरान येथील तळावर नेले. तेथे तुर्की लष्कराची दगडासारखी कडक बिस्किटे मिळाली. महिनोन्महिने रिकाम्या राहिलेल्या आतड्यांना ती सोसली नाहीत. कित्येक जण सुटकेच्या नव्हे, तर पहिल्या पोटभर घासाने गेले. मग अधिकारी आणि शिपाई वेगळे झाले. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेण्यात आले. शिपाई चालले.

१६.
कुत ते बगदाद पायी. बगदाद ते समारा आगगाडी. समारापासून मोसूल आणि तेथून रास अल-ऐन, पुन्हा पायी, मे-जूनच्या उन्हात. बूट भाकरीसाठी विकले गेले किंवा हिसकावले गेले. जो मागे पडला तो तेथेच राहिला. या वाटेवर आदल्याच वर्षी आर्मेनियन लोकांचे हत्याकांड झाले होते. ओसाड घरे आणि हाडे कैद्यांच्या दृष्टीस पडली. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर प्रसाद सर्वाधिकारी यांनी हे सारे टिपले. दैनंदिनीची पाने फाडून त्यांनी बुटात लपवली आणि सुमारे चार दशकांनी त्यांचे बंगाली पुस्तक झाले. शिपायाच्या पायवाटेचा हा फार दुर्मीळ साक्षीपुरावा.

१७.
रास अल-ऐन हे तेव्हा बर्लिन-बगदाद रेल्वेचे टोक होते. तुर्कांना आणि त्यांच्या जर्मन मित्रांना हात हवे होते. कैद्यांचे ते हात झाले : वाळवंटात भराव टाकणे, अमानुस आणि टॉरस पर्वतांत बोगदे खोदणे. हिवताप, अतिसार, प्रलापक ज्वर. हिशेब असा की सुमारे २६०० इंग्रज शिपायांपैकी १७०० हून अधिक परतले नाहीत. हिंदी शिपाई नऊ हजारांहून अधिक होते. त्यांपैकी सुमारे अडीच हजार मरण पावले किंवा त्यांचा माग लागला नाही. जगण्याचे प्रमाण हिंदी शिपायांत अधिक होते. ते उष्णतेला आणि साध्या अन्नाला सरावलेले होते, असे कारण दिले जाते. पण अडीच हजार ही संख्या कोणत्याही कारणाने लहान होत नाही.

१८.
या काळात सेनापती कोठे होते? टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला, नोकर आणि हिंडण्याफिरण्याची मोकळीक मिळाली. १९१७ मध्ये, कैदेत असतानाच, त्यांना 'सर' हा किताब देणारा सन्मान जाहीर झाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये तुर्कस्तानशी तहाची बोलणी सुरू होण्यात त्यांनी मध्यस्थी केली. इंग्लंडला परतल्यावर ते पार्लमेंटचे सभासदही झाले. कैद दोघांचीही होती. एकाच्या कैदेतून पदवी निघाली, दुसऱ्याच्या कैदेतून बोगदा.

१९.
३० ऑक्टोबर १९१८ च्या मुद्रोस तहानंतर कैदी सुटले. पदके मात्र लगेच आली नाहीत. ताऱ्याला डिसेंबर १९१८ मध्ये मंजुरी मिळाली. चांदीचे 'ब्रिटिश वॉर मेडल' आणि 'व्हिक्टरी मेडल' १९१९ मध्ये सुरू झाली. शिपाई तोवर घरी जाऊन नांगराला लागला होता. चांदीच्या पदकावर एक नग्न घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी. दुसऱ्या बाजूस पाचव्या जॉर्जचे मस्तक आणि लॅटिनमध्ये त्याच्या पदव्या. त्यांत 'हिंदुस्थानचा सम्राट' ही एक. विजयपदकाच्या मागे लिहिले आहे की हे महायुद्ध 'सभ्यतेसाठी' लढले गेले. रास अल-ऐनहून परतलेल्या माणसाच्या हातात हे वाक्य आले, तेही त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत.

२०.
पदकांतही पायऱ्या होत्या. लढणाऱ्याला चांदीचे 'वॉर मेडल' मिळे. परदेशी नेलेल्या मजूर पलटणींतील हजारोंना तेच पदक काशाचे मिळाले. ठसा तोच, घोडेस्वार तोच, धातू हलका. गोळा चुकवत ओझे वाहणाऱ्याच्या शौर्याचे मोल असे धातूत मोजले गेले. कैदेला मात्र कोणताच धातू नव्हता. शरणागती ही सैन्याच्या शब्दकोशातली अडचणीची जागा. तिच्यावर पदक पाडायचे म्हणजे ती कोणामुळे ओढवली, हेही सांगावे लागते. मेसोपोटेमिया आयोगाने १९१७ च्या अहवालात तो दोष वरच्यांच्या नियोजनावर ठेवला. भोगणारे खालचे होते.

२१.
पलटणींना मान मिळाला. तिन्ही मराठा पलटणींच्या युद्धसन्मानांत 'डिफेन्स ऑफ कुत-अल-अमारा' हे नाव आले. ११७ व्या पलटणीला १९२१ मध्ये 'रॉयल' हे बिरूद लाभले. १९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या छत्राखाली आल्या आणि बेळगाव त्यांचे घर झाले. होमरूल लीग जन्मली तेच गाव.

२२.
मेलेल्यांचे काय? १९२९ मध्ये बसऱ्याजवळ एक भव्य स्मारक उघडण्यात आले. ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी ते आहे. इंग्रज शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि त्याखाली फक्त संख्या. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच्या जुन्या कारभाराचा अहवाल प्रसिद्ध केला आणि स्मरणातल्या या विषमतेची जाहीर कबुली देऊन माफी मागितली.

२३.
महाराष्ट्रातील काही गावांत संगमरवराच्या छोट्या पाट्या आढळतात : या गावातून महायुद्धास इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. साताऱ्याच्या अपशिंगे गावाची ख्याती अशीच. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जण पडले. पाटीवर पुन्हा आकडा. मग नाव कोठे? पदकाच्या अर्धा सेंटिमीटरहून कमी जाडीच्या कडेवर. दगडाने जे सांगितले नाही ते तेथे उमटलेले असते. म्हणूनच ती कड मोलाची.

२४.
वऱ्हाडचा धागा येथे पुन्हा हाती येतो. कंटिन्जंटच्या पलटणी १९२२ नंतर १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये होत्या. तिची चौथी पलटण मूळची अचलपूरच्या नबाबाच्या फौजेतून आलेली. दुसऱ्या महायुद्धात ती मलायात होती. ७ जानेवारी १९४२ च्या पहाटे, स्लिम नदीच्या रस्त्यावर जपानी रणगाडे अंधारातून थेट तिच्यावर येऊन आदळले. रणगाडे रोखण्याची साधने तुटपुंजी. काही तासांत दोन ब्रिगेड विस्कटल्या. पाच आठवड्यांनी सिंगापूर पडले. कुतनंतर छब्बीस वर्षांनी हिंदी पायदळ पुन्हा, आणि या वेळी तिपटीहून मोठ्या संख्येने, कैदेत गेले.

२५.
१७ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरच्या फॅरर पार्कवर सुमारे ४५ हजार हिंदी कैदी जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. काही जण कॅप्टन मोहनसिंग यांच्या आझाद हिंद फौजेत गेले. काही जणांनी नकार दिला. त्यांतील पुष्कळांना न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर मजुरीसाठी पाठवले गेले आणि तेथे उपासमारीने त्यांचे बळी घेतले. योगायोग असा की त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते वणीत जन्मलेल्या, यवतमाळच्या बापूजी अण्यांकडे होते. ब्रह्मदेश-मलायातून जीव घेऊन परतणाऱ्या हिंदी कुटुंबांचे दुःख त्यांच्या टेबलावर येत होते. पुढे गांधीजींच्या उपवासाच्या प्रश्नावर फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

२६.
युद्धानंतर परतलेल्या कैद्यांना इंग्रज अधिकाऱ्यांनी तीन रंगांत वाटले : पांढरे, करडे, काळे. आझाद हिंद फौजेत मनापासून गेलेला तो काळा, त्याला बडतर्फी. निष्ठावान ठरला तो पांढरा. त्याला पदके आणि थकलेला पगार. एकाच छावणीतले, एकाच भुकेतले दोन शिपाई असे दोन बाजूंना गेले. १९१६ च्या कैद्याला फक्त जगायचे होते. १९४२ च्या कैद्याला त्याबरोबर उत्तरही द्यायचे होते. मलायात संपलेली ती चौथी पलटण पुन्हा उभी राहिली, 'कुमाऊँ' झाली. आणि ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामच्या लढाईत तिच्या मेजर सोमनाथ शर्मांना वीरमरण आले. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र त्यांचे.

२७.
घरात वा नातलगांकडे असे पदक असेल तर ते कसे वाचावे? प्रथम, ते घासूनपुसून चकचकीत करू नये. घासण्याने कडेवरची अक्षरे झिजतात. भिंगाखाली क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण उतरवून घ्यावी. मग संच पाहावा. तारा असेल तर तो माणूस १९१५ संपण्यापूर्वी रणभूमीवर पोचला होता. फक्त दोन गोल पदके असतील तर तो बहुधा १९१६ किंवा नंतर गेला. ताऱ्यावर १०३, ११० किंवा ११७ हे आकडे असतील, तर तो कुतमध्ये असण्याची शक्यता बळावते. ती सिद्ध मात्र होत नाही. टेसिफॉनला जखमी होऊन तो आधीच परतला असेल.

२८.
पुढचा पुरावा कागदांत : पलटणींच्या युद्धदैनंदिनी, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडचे युद्धकैद्यांचे दप्तर, युद्धसमाधी आयोगाची मृतांची यादी. नावाचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून असे; म्हणून नावापेक्षा क्रमांकावर अधिक विश्वास ठेवावा. आणि सर्वांत आधी, घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारावे. 'आजोबा कधी घोड्यावर बसत नसत' किंवा 'ताटात अन्न टाकलेले त्यांना खपत नसे' अशी एखादी आठवण कागदापेक्षा दूरचे दाखवते. ती तारीखवार लिहून ठेवावी, सांगणाऱ्याच्या नावासह.

२९.
चांदीचे पदक मोडीत गेले की ते केवळ चांदीच्या वजनाने जाते. एका औंसाच्या आसपास भरणारा तो धातू वितळताना, बसऱ्याच्या दगडावर ज्याला जागा मिळाली नाही असे एक नाव वितळते. राजाचे मस्तक हजारो पदकांवर आहे. त्याची काळजी करण्याचे कारण नाही. कडेवरचा शिपाई मात्र त्या एकाच ठिकाणी आहे.